‘फार छान केलंस’चा शिक्का

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.४०, दुकानात

नवी वही. जुन्या वहीत नुसत्या तक्रारी साठल्या होत्या, म्हणून ती बंद केली. या वहीत फक्त प्रगती लिहायची.

कालचा प्रकार एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. संध्याकाळी मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, घरी आला होता. चहा पिताना सहज बोलल्यासारखं करून म्हणाला की दाजी, हल्ली लोक काचेवर बोटाने सह्या करतात, रबरी शिक्के कोण करून घेतं? तुमच्या दुकानाचा करार ३१ मार्चला संपतोय. पुढे वाढवू नका. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या टेबलाला माणूस हवाय, तुम्ही तर घरचेच.

तीस वर्षं मी हाताने शिक्के कापतोय. डॉक्टर, वकील, शाळा, गोदामं. या माणसाला मी हाफ पँटमध्ये पाहिलेलं आहे.

ही काही बोलली नाही. ही छापखान्यात मुद्रितं तपासते. चूक दिसल्याशिवाय तोंड उघडायची तिला सवय नाही, त्यामुळे तिचं गप्प बसणं मी माझ्या बाजूने धरलं.

ठरलं ते असं: ३१ मार्चच्या आत एखादं मोठं, कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर दुकान चालू. नाहीतर लॅमिनेशन.

मी अजिबात घाबरलेलो नाही. झोप लागली नाही ती चहामुळे.

११ जानेवारी, शनिवार. दुपारी

मार्ग सापडला!! ब्लेडं ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली त्यातच होता. जपानमध्ये लोक सही करत नाहीत, शिक्का मारतात. बँकेत शिक्का, भाड्याच्या करारावर शिक्का, दारात पार्सल आलं तरी शिक्का. प्रत्येक माणसाचा स्वतःचा. असा सुसंस्कृत देश असेल याची मला आधीपासून कल्पना होती.

आणि गावाबाहेरच्या कारखान्यात चाळीस जपानी कुटुंबं राहायला आली आहेत. चाळीस! ती बिचारी शिक्क्यांसाठी कुठे जात असतील?

संकल्प: जपानी लिपी शिकायची. चौकशी केली. अक्षरं सेहेचाळीस. फक्त! आपण बाराखडी पाठ केलेली माणसं. रोज चार धरली तरी बारा दिवसांत लिपी खलास. उरलेल्या वेळात त्यांचं साहित्य बघू.

१२ जानेवारी, रविवार

पहिला क्लास. टायरच्या दुकानावरची खोली. रबराचा वास येतो. हा शुभशकुन.

बाई सव्वीस वर्षांच्या असतील. मला काका म्हणाल्या. वर्गात बाकीचे आठ जण, सगळे कॉलेजातले.

तक्रार क्र. १: प्रवेश झाल्यावर बाईंनी सांगितलं की सेहेचाळीस ही फक्त पहिली लिपी. तिचं नाव हिरागाना. तशीच सेहेचाळीस अक्षरांची दुसरी, काताकाना, ती परदेशी शब्दांसाठी. आणि वर चिनी वळणाची चित्राक्षरं, ती दोन हजारांच्या वर. मी विचारलं, एका भाषेला एवढं सगळं कशाला? बाई म्हणाल्या, काका, आधी ‘अ’ काढा.

काताकाना जूनवर ढकलली. चित्राक्षरं पुढच्या वर्षी.

१३ जानेवारी, सोमवार

गृहपाठ: प्रत्येक अक्षर शंभर वेळा लिहिणे. ‘अ’ सहा वेळा लिहिला. सहाही वेगळे आले. पेन बरं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

नवं पेन आणलं. कागद बरा नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १

रात्रभर मनात घोळत होतं ते सकाळी दात घासताना सुचलं. शंभर वेळा लिहायचं कशाला? मी शिक्केवाला! प्रत्येक अक्षराचा शिक्का कापायचा आणि वहीत शंभर वेळा मारायचा. शिवाय एक अक्षर कापायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते डोळ्यांसमोर राहतं, मनात कोरलंच जातं. मुलं पाच सेकंदांत लिहून मोकळी होतात, त्यांना काय कळणार.

ट्रेसिंग पेपर बाईंनी दिलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर ठेवून पेन्सिलने उतरवायचं, कागद पालथा करून रबरावर घासायचा, आणि कापायचं. तीस वर्षांचा हातखंडा. आज नऊ झाली.

२६ जानेवारी, रविवार

सेहेचाळीस शिक्के तयार. कापता कापता प्रत्येकाचं नाव मोठ्याने म्हणत होतो. शेजारचा घड्याळवाला दोनदा डोकावून गेला. सगळी अक्षरं तोंडपाठ. डोळे मिटले की रबर दिसतं.

काल चार हजार सहाशे अक्षरांचा गृहपाठ अडीच तासांत पूर्ण केला. आज बाईंना वही दिली. त्यांनी पानं उलटली, मग परत पहिल्यापासून उलटली. मग विचारलं, काका, हे तुम्ही लिहिलंत? मी म्हणालो, माझ्याच हातचं आहे. यात खोटं काही नाही. म्हणाल्या, अगदी छापल्यासारखं आहे.

कौतुक नम्रपणे स्वीकारलं.

२ फेब्रुवारी, रविवार

वाचनाची परीक्षा. बाई एकेक कार्ड वर धरणार, आपण अक्षर ओळखायचं.

कार्डं सदोष निघाली. सगळी अक्षरं उलटी छापलेली! डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मी तसं स्पष्ट सांगितलं.  बाईंनी कार्ड फिरवून पाहिलं, परत माझ्याकडे धरलं. मी ‘ची’ म्हणालो. तो ‘सा’ होता. पुढे ‘सा’ म्हणालो, तो ‘ची’ होता. सेहेचाळीसपैकी सात बरोबर.

माझ्या बाजूला बसते ती मुलगी म्हणाली की काका, तुम्ही शिक्क्याच्या तोंडाकडे बघून शिकलात का? शिक्क्यावर उलटंच असतं ना? मी हसून विषय बदलला. एवढ्याशा मुलीला आता धंद्याची तत्त्वं कुठे समजावत बसू.

९ फेब्रुवारी, रविवार

तोडगा निघाला. दाढीचा आरसा. खिशात मावतो. बाईंनी कार्ड धरलं की मी त्यांच्याकडे पाठ करून आरशात बघतो. सेहेचाळीसपैकी एकेचाळीस! वर्गात पहिला. बाई म्हणाल्या, असा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

मग मात्र म्हणाल्या की काका, आरसा ठेवून द्या आणि पेन घेऊन पहिल्यापासून सुरुवात करा, वेळ गेलेली नाही. मत्सर ही फार सूक्ष्म गोष्ट असते.

घरी हिने मला आरशात बघून सराव करताना पाहिलं. म्हणाली, अहो, हे सगळं उलटं पाठ झालंय तुमचं. मी तिला सांगितलं की आमच्या धंद्यात उलटं हेच सुलटं असतं. तिने दिवा मालवला. पटलं असावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेखनाची परीक्षा. शिक्के वापरायला बंदी. (नियम फक्त माझ्यासाठी केला. बाकी कोणाकडे शिक्के नाहीतच.)

लिहिताना लक्षात आलं की ही अक्षरं सुटी सुटी लटकत असतात. धरायला काही नाही. मी प्रत्येक ओळीवर आपल्यासारखी आडवी रेघ दिली. लगेच रुबाब आला. रबराच्या दृष्टीनेही हे बरं. सुट्या अक्षरांचे कोपरे उडतात, वर एक रेघ असली की सगळी एकमेकांना धरून राहतात. बाईंनी लाल पेनने सगळ्या रेघा खोडल्या. खोडायलाही त्यांना रेघाच माराव्या लागल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तक्रार क्र. ९: रेषांचा क्रम. कुठली रेष आधी, कुठली नंतर, याचेही नियम आहेत! भिंत बांधून झाल्यावर पहिली वीट कुठली ठेवली ते कोण विचारतं? मी खालून वर काढतो. अक्षर तेच येतं. साधारण तेच येतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४

दुकानाच्या काचेवर स्वतःच्या हाताने, न बघता, जपानीत ‘हान्को’ रंगवलं. हान्को म्हणजे शिक्का. तीन अक्षरं, वर रेघ. लाल रंग. रस्त्यावरून बघितलं. भारदस्त.

मेहुणा स्कूटरवरून जाता जाता थांबला. म्हणाला, दाजी, लॅमिनेशनला खुर्ची आणून ठेवलीय, गादीची. मी काचेकडे बोट दाखवलं. त्याने स्कूटरला किक मारली आणि गेला. दिपून गेला असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा, पण पेन निळं आहे.

सकाळी साडेअकराला एक जपानी बाई दुकानासमोर थांबल्या. पन्नाशीच्या, राखाडी कोट, हातात कापडी पिशवी. काचेकडे बराच वेळ बघत होत्या. मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. मग आत आल्या, वळल्या, आतून काचेतून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘हान्को’ असं मोठ्याने वाचलं! माझ्या अक्षराचा हा पहिला जाहीर विजय.

त्या कारखान्यातल्या कुटुंबांच्या मुलांसाठी शनिवारची शाळा चालवतात. मुख्याध्यापिका. आपली भाषा सावकाश बोलतात, पण एकही शब्द चुकत नाही. त्यांच्याकडे मुलांच्या वहीवर शाबासकीचा शिक्का मारतात. त्यांचा जुना शिक्का झिजला. नवा हवाय. मजकूर: ‘ताइहेन योकु देकिमाशिता’. अर्थ, फार छान केलंस. अकरा अक्षरं, सगळी हिरागाना! चित्राक्षर एकही नाही. म्हणजे ही ऑर्डर नियतीने माझ्याच मापाने बेतलेली आहे.

त्यांनी छापील नमुना पुढे केला. मी तो हात जोडून परत दिला. म्हणालो, नमुना लागतो तो ज्याला वाचता येत नाही त्याला. तुम्ही नुसतं बोला, मी कापतो. त्या थोड्या घुटमळल्या. नमुना पिशवीत ठेवला, परत काढला, परत ठेवला. मग वाकून नमस्कार करून गेल्या. १५ मार्चला द्यायचा. २२ला त्यांचं शाळेचं वर्ष संपतं, त्या दिवशी मुलांच्या वह्या वाटायच्या.

आता सरळ हिशेब आहे. शाळेचा शिक्का आवडला की चाळीस कुटुंबं रांगेत. मेहुण्याला फोन करून सांगितलं की गादीची खुर्ची परत कर. तो म्हणाला, आधी शिक्का तर होऊ दे दाजी.

३ मार्च, सोमवार

हिला ऑर्डरचं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, नमुना कुठेय? मी म्हणालो, परत केला. तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. म्हणाली, अहो, आजपर्यंत नमुन्याशिवाय एक शिक्का तरी कापलात का?

मी म्हणालो, आजपर्यंत मी नुसता कारागीर होतो. आता मी जाणकार आहे.

११ मार्च, मंगळवार. दुपारी १

शिक्का पूर्ण. नऊ तासांचं काम. गोल, मध्ये दोन ओळी, भोवती पाकळ्या. ओळींवर रेघ दिली आहे, मजबुतीसाठी. गुपचूप.

विशेष म्हणजे रबराकडे बघितलं तर अक्षरं हुबेहूब बाईंच्या तक्त्यासारखी दिसतात! अगदी सुलटी! असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. आणि कागदावर मारून पाहिलं तर तिथे माझ्या पाठ असलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळतं. दोन्हीकडून बरोबर असलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला शिक्का.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

शाळेत गेलो. कारखान्याच्या वसाहतीतला हॉल, लाकडी बाकं, भिंतीवर मुलांची चित्रं. चपला बाहेर काढल्या. माझा पायमोजा अंगठ्याला फाटका होता, तो पाय मागे ठेवून उभा राहिलो.

मुख्याध्यापिकांनी शिक्का मारला. कागद बघितला. दुसऱ्या शिक्षिकेकडे दिला. तिने तिसरीकडे. मग पहिलीच्या वर्गातल्या एका मुलीने तो कागद हातातून घेतला, खिडकीपाशी नेला, काचेवर पालथा धरला, आणि मागच्या बाजूने मोठ्याने वाचून दाखवला. सगळा वर्ग खिडकीकडे धावला. हशा, टाळ्या. एक मुलगा तर हसता हसता बाकावरून घसरला. एका शिक्क्याने मुलांना एवढा आनंद दिलेला मी तरी पाहिला नव्हता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या की फार वेगळं काम आहे. त्यांनी रेघेवर बोट फिरवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, आमच्याकडची पद्धत, अक्षरांना छप्पर. त्यांनी मान डोलवली. निघताना एक पाकीट दिलं, घरी जाऊन उघडा म्हणाल्या. आभारपत्र असणार.

संध्याकाळी ७.१५

पाकिटात तोच छापील नमुना. सोबत आपल्या भाषेत दोन ओळी. कृपया नमुन्याप्रमाणे पुन्हा करावा. २२ तारखेला सकाळी मिळाला तरी चालेल.

१६ मार्च, रविवार

क्लासला गेलो नाही. पोट बरं नव्हतं.

दुपारी हिने नमुना टेबलावर ठेवला, शेजारी माझ्या शिक्क्याचा कागद ठेवला, आणि मध्ये माझा दाढीचा आरसा उभा केला. मी बघितलं. आरशात माझा कागद आणि टेबलावरचा नमुना सारखे दिसत होते. रेघ सोडून.

म्हणजे ती मुलं शिक्क्याला हसत होती.

वाईट वाटलं. या वहीत प्रगती लिहायची ठरलं होतं, पण आज तेवढंच लिहायला आहे.

१८ मार्च, मंगळवार

काल सावरलो. चूक बारीक होती, दिशेची. नमुना आहे, हात आहे, रबर आहे. ट्रेसिंग पेपर ठेवला, उतरवलं, पालथा करून रबरावर घासलं, आणि अडकलो.

रबरावरची अक्षरं मला भराभर वाचता आली. आणि रबरावरचं वाचता आलं तर ते चुकीचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून कागद पुन्हा पालथा केला. मग आठवलं की मला तर उलटीच येतात, म्हणजे मघाचं बरोबर होतं. परत पालथा केला. दुपारपर्यंत पेन्सिलच्या रेषांचा नुसता धूर झाला. एक रबर गेलं.

१९ मार्च, बुधवार

दुसरं रबर गेलं. उलटं.

तिसरं: पहिली ओळ सुलटी, दुसरी उलटी. हात आपोआप थांबतो. ब्लेड अक्षरावर टेकलं की मनात कुणीतरी म्हणतं, थांब, हे मला येतं.

मेहुण्याने फोन करून विचारलं की काम कुठपर्यंत आलं. म्हणालो, फिनिशिंग.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी

चौथं रबर. शेवटचं. पुढचा माल सोमवारी येणार. ब्लेड हातात घेऊन तासभर बसलो होतो. एक रेषही कापली नाही. तीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

ही छापखान्यातून थेट दुकानात आली. पर्स खांद्यालाच. माझ्याकडे बघितलं, रबराकडे बघितलं. मला उठवलं, स्टुलावर बसवलं, आणि नमुना तिने स्वतः ट्रेस केला. मला बघू दिलं नाही. रबरावर घासला, कागद काढला. मग रबराचा ठोकळा उचलून वरचं खाली करून माझ्यासमोर ठेवला. अक्षरं डोक्यावर उभी.

म्हणाली, वाचा बघू.

बघितलं. काही वाचता येईना. नुसत्या रेषा. वळणं, फाटे, एक गाठ, दोन ठिपके.

म्हणाली, येत नाही ना वाचता? मग कापा आता.

कापलं. चाळीस मिनिटांत. हात एकदाही थांबला नाही. पाकळ्या तर अशा आल्या की बघत राहावं.

नंतर दुकान बंद करताना ती म्हणाली की मुद्रित तपासताना मीसुद्धा शेवटच्या ओळीकडून वर वाचत येते. अर्थ लागायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. मग म्हणाली, अहो, तुमच्या निम्म्या शिक्क्यांवरची भाषा तुम्हाला वाचता येत नव्हती. चार-पाच लिप्यांतली कामं केलीत. एक तरी परत आला का?

नाही आला. घरी येईपर्यंत आठवत होतो. एकही आला नाही.

म्हणजे दहा आठवडे मी एवढी मेहनत घेऊन जे शिकलो, ते माझ्याकडून विसरवायला हिला एक ठोकळा फिरवावा लागला.

२२ मार्च, शनिवार

दिला. या वेळी मोजे नवे घातले.

मुख्याध्यापिकांनी शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी कागद वर धरला. कोणी हसलं नाही. मुलं रांगेत आली, प्रत्येकाच्या वहीवर तो लाल गोल उमटत गेला. फार छान केलंस, फार छान केलंस. खिडकीशी पळालेली ती पहिलीतली मुलगी आली, तिने वही उघडून माझ्यापुढे धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवत मला वाचून दाखवलं. सावकाश, जसं लहान मुलाला दाखवतात तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी छताकडे बघितलं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. पुढची कामं कधी पाठवता?

मुख्याध्यापिकांनी विचारलं, हा शिक्का किती वर्षं टिकेल? तीस वर्षांचा अभिमान माझ्या तोंडून बोलला. म्हणालो, नीट ठेवलात तर वीस वर्षं बघायला नको. त्या खूश झाल्या. वाकल्या. म्हणाल्या, मग वीस वर्षांची काळजी मिटली.

आणि घरोघरचे शिक्के? ते सगळे येताना तिकडूनच घेऊन आले आहेत. माणसाचा शिक्का एकदा केला की जन्मभर पुरतो, म्हणाल्या. अगदी प्रेमाने समजावून सांगितलं.

परत येताना बसमध्ये विचार केला की पंधरा वर्षं म्हणायला हवं होतं. मग वाटलं, पंधराने तरी काय झालं असतं.

३० मार्च, रविवार

क्लासची शेवटची परीक्षा. आरशाशिवाय. सेहेचाळीसपैकी नऊ. बाई म्हणाल्या, काका, सातचे नऊ झाले. पुढच्या बॅचला या, पण पेन घेऊन.

सेहेचाळीस शिक्के त्यांना देऊन टाकले. लहान मुलांच्या वर्गात उपयोगी पडतील म्हणाल्या.

३१ मार्च, सोमवार. दुपारी

दुकान आवरलं. ब्लेडं, दाबपट्टी, शाईचे डबे, तीस वर्षांचे नमुने. काचेवरचं ‘हान्को’ हिने ओल्या फडक्याने पुसलं. घड्याळवाला येऊन हातात हात घेऊन उभा राहिला.

किल्ली देताना ही बाजूलाच होती. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, शिक्का फार सुंदर झाला होता. मी विचारलं, कुठला? म्हणाली, चाळीस मिनिटांतला.

मी ब्लेडांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी १.३०, मेहुण्याच्या दुकानात

खुर्ची खरंच गादीची आहे. तेवढं कबूल करायला हवं.

सकाळपासून ओळखपत्रं, एक गुणपत्रिका, एका दवाखान्याचा दरफलक. कागद प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचा, मशीनच्या तोंडाशी धरायचा, पलीकडून कडक होऊन बाहेर येतो. शिकायला दोन मिनिटं लागली. मेहुण्याने नवं मशीन घेतलंय, माझ्यासाठीच घेतलं असं म्हणतो. वरच्या झाकणावर, पिवळ्या पट्टीवर, ठळक जपानी अक्षरांची एक ओळ आहे.

मेहुण्याने तीन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, दाजी, हे काय लिहिलंय हो? तुम्हाला येतं ना.

तिन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी पट्टीकडे बघितलं. नीट, जवळ जाऊन बघितलं. दोन अक्षरं ओळखीची वाटली. मग सांगितलं, मला वाचता येत नाही.

हे वाक्य मी या वर्षात प्रथमच मोठ्याने बोललो. मेहुणा हसला नाही. म्हणाला, असू दे दाजी, चालू करू.

पाकीट अडकलं होतं म्हणून झाकणाला हात लावला. तीन बोटं चांगलीच भाजली. बहुधा तेच लिहिलेलं असावं.